चुकलेल्या पासवर्डाचा बंदोबस्त

इंटरनेटच्या सार्वजनिक पत्त्यावर नव्याने उभा केलेला कोणताही लिनक्स सर्व्हर, त्याची जाहिरात कोठे झालेली नसताना आणि त्यात चोरण्याजोगे अद्याप काही साठलेले नसतानाही, अल्पावधीतच अनाहूतांच्या नजरेस पडतो. आणि त्याच्या प्रवेशनोंदी उघडून पाहणाऱ्यास 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल' अशा नावांनी, एकामागून एक पासवर्ड पुढे करीत आत शिरू पाहणाऱ्यांची अखंड रांग आढळते. या रांगेत प्रत्यक्ष मनुष्य क्वचितच असतो. इंटरनेटवरील यच्चयावत पत्ते धुंडाळीत अहोरात्र फिरणारे हे प्रोग्राम असतात, आणि त्यांची विद्या फारशी सखोलही नसते: २०१६ साली जगभर गाजलेल्या 'मिराई' या उपद्रवी प्रोग्रामाजवळ कारखान्यातून लावून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठ-बासष्ट जोड्यांखेरीज विशेष शिदोरी नव्हती, तरी तेवढ्यावर त्याने कॅमेरे, राउटर यांसारखी कित्येक लाख उपकरणे आपल्या ताब्यात आणली.

परंतु ज्या दारावर हे अनाहूत धडका देतात, त्याच दाराने सर्व्हरचे खरे वापरकर्तेही ये-जा करीत असतात, आणि दीर्घ रजेनंतर कामावर रुजू झालेला एखादा कारकून आपलाच पासवर्ड दोनदा चुकवतो, तेव्हा त्याच्यात आणि चोरात भेद करण्याचे साधन यंत्रापाशी जवळजवळ नसते. यंत्राला चेहरा दिसत नाही, आवाज ओळखू येत नाही. त्याला केवळ मोजता येते. म्हणून किती चुकांनंतर खाते कुलूपबंद करावे, त्या चुका किती कालावधीतील धराव्यात, कुलूप किती वेळ ठेवावे आणि ते कोणाच्या हुकमाने उघडावे, या चार प्रश्नांची उत्तरे अगोदरच ठरवून यंत्राच्या हवाली करावी लागतात. कचेऱ्यांतून 'अकाउंट लॉक झाले' अशी जी तक्रार नित्य ऐकू येते, तिच्या मुळाशी कोणीतरी दिलेली हीच चार उत्तरे असतात. आणि ती तारतम्याने दिलेली नसतील, तर हा बंदोबस्त चोरापेक्षा धन्यालाच अधिक जाचक होतो.

पासवर्डाला अशा पहाऱ्याची गरज का पडावी, हे त्याचा इतिहास पाहिल्यावाचून नीट उमगत नाही. एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी वाटून वापरावे या कल्पनेतून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली 'सीटीएसएस' नावाची जी प्रणाली १९६१ साली आकारास आली, तिच्यात प्रत्येकाचे काम इतरांपासून अलग राखण्यासाठी पासवर्डाची योजना झाली. आणि १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्यास आलेला यंत्रकाल अपुरा पडतो म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली. पुढे युनिक्स या प्रणालीत मूळ पासवर्ड न साठवता त्याचे उलगडता न येणारे गणिती रूप तेवढे साठवण्याची पद्धत आली. तथापि साठवण सुधारली म्हणून निवड सुधारली नाही. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, वापरकर्त्यांनी स्वेच्छेने निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले असता त्यांपैकी १५ केवळ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे निघाले, आणि शब्दकोशात किंवा नामावलीत सापडणारे जमेस धरता एकंदर ८६ टक्के पासवर्ड सहज तर्कगम्य ठरले, असा हिशेब दिलेला आहे.

याच मॉरिस यांचा मुलगा, रॉबर्ट टॅपन मॉरिस, पुढे १९८८ साली कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. त्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर जो स्वयंप्रसारी प्रोग्राम सोडला, त्याच्या अनेक युक्त्यांपैकी एक युक्ती पासवर्ड ओळखण्याची होती: प्रथम रिकामा पासवर्ड, मग खात्याचेच नाव, मग तेच नाव दुहेरी, मग धन्याचे नाव आणि आडनाव, मग नावाची अक्षरे उलट क्रमाने, त्यानंतर बरोबर आणलेल्या ४३२ शब्दांची यादी आणि अखेरीस यंत्रावरचाच शब्दकोश. पित्याने नऊ वर्षांपूर्वी आकड्यांनिशी दाखवून दिलेली मनुष्यस्वभावाची ही उणीव पुत्राच्या हातून अशा रीतीने जगापुढे आली. या प्रकरणात खातेकुलपाच्या दृष्टीने एक मर्म आहे, ते असे की, हा प्रोग्राम दारावर उभा राहून पासवर्ड अजमावीत नव्हता. एकदा यंत्रात शिरल्यावर, कोणासही वाचता येईल अशा ठिकाणी ठेवलेले पासवर्डांचे गणिती दप्तर पुढ्यात घेऊन तो आपले तर्क सावकाश पडताळून पाहत होता. दारावरच्या चुका मोजणारा पहारा तेथे निरुपयोगी ठरला असता. म्हणूनच पुढे ते दप्तर सामान्य वापरकर्त्यांच्या नजरेआड, 'शॅडो' नावाच्या निराळ्या फायलीत हलवण्यात आले, आणि लिनक्समध्ये आज तेच रूढ आहे. खातेकुलपाचा सारा प्रभाव दप्तर सुरक्षित आहे या गृहीतावर अवलंबून असतो, हे विसरता कामा नये.

आता दप्तर सुरक्षित आहे असे धरून, दारावरचे कुलूप नेमके काय साधते ते पाहू. समजा, पाच चुका झाल्या की खाते पंधरा मिनिटे बंद, असा नियम केला. म्हणजे तर्क करणाऱ्याला एका खात्यावर तासाला २० आणि दिवसाला ४८० प्रयत्न मिळतात. इंग्रजी वर्णमालेतील आठ लहान अक्षरे यदृच्छेने निवडून केलेला पासवर्ड घेतला, तर त्याच्या सुमारे २०,८८३ कोटी शक्यता होतात, आणि दिवसाला ४८० या गतीने त्या सर्व पडताळण्यास सुमारे बारा लाख वर्षे लागतील. पण पासवर्ड चार अंकांचा असेल तर दहा हजार शक्यता एकवीस दिवसांत संपतात. आणि मॉरिसपुत्राच्या त्या ४३२ शब्दांपैकी एखादा असेल, तर कुलपाचा नियम अक्षरशः पाळूनही चोर चोवीस तासांच्या आत घरात येतो. तात्पर्य, कुलूप दुबळ्या पासवर्डाला सबळ करीत नाही. सबळ पासवर्डाला ते अभेद्यप्राय करते, आणि दुबळ्याच्या बाबतीत नोंदी पाहणाऱ्या दक्ष व्यवस्थापकास थोडी मुदत मिळवून देते.

लिनक्समध्ये ही व्यवस्था कोठे वसते? सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी १९९५ साली अशी योजना मांडली की, ओळख पटवण्याचे काम प्रत्येक प्रोग्रामाने स्वतंत्रपणे न करता ते एका सामाईक यंत्रणेकडे सोपवावे, आणि त्या यंत्रणेत हवे तसे घटक घालता-काढता यावेत. 'पॅम' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा लिनक्सने लवकरच आत्मसात केली. सरकारी कचेरीत अर्ज जसा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर शेरा पडतो, तशी प्रवेशाची मागणी पॅमच्या साखळीतील एकेका घटकापुढून जाते. कोणाचा नकार तेथेच निर्णायक ठरवावा आणि कोणाचा तूर्त नोंदून अर्ज पुढे पाठवावा, हेही त्या साखळीत लिहून ठेवलेले असते. चुका मोजण्याचे काम पूर्वी 'पॅम टॅली' आणि 'पॅम टॅली टू' हे घटक करीत. २०२० साली ते मूळ संग्रहातून वगळण्यात आले आणि त्यांची जागा 'पॅम फेललॉक' या घटकाने घेतली.

फेललॉकला साखळीत दोनदा उभे करावे लागते, हे त्याचे वैशिष्ट्य. पासवर्ड विचारला जाण्यापूर्वी तो एकदा पाहतो की, हे खाते अगोदरच बंद तर नाही. आणि पासवर्ड चुकीचा ठरल्यानंतर दुसऱ्यांदा येऊन तो त्या खात्याच्या नावे एक चूक जमा करतो. योग्य पासवर्डाने प्रवेश झाला म्हणजे मागील चुकांचे खाते कोरे होते. त्याचे नियम 'फेललॉक डॉट कॉन्फ' या लहानशा फायलीत लिहिलेले असतात, आणि त्यांतील मुख्य तीन. 'डिनाय' म्हणजे किती चुकांवर कुलूप लावायचे. कोणी काही न ठरवल्यास हा आकडा तीन. 'फेल इंटरव्हल' म्हणजे त्या चुका किती सेकंदांच्या आत घडलेल्या असाव्यात. मूळ ठेवण ९०० सेकंदांची, म्हणजे पाव तासाची. 'अनलॉक टाइम' म्हणजे कुलूप आपोआप किती सेकंदांनी उघडायचे. मूळ ठेवण ६०० सेकंदांची, आणि येथे शून्य लिहिल्यास व्यवस्थापकाने स्वहस्ते उघडीपर्यंत ते कुलूप निघत नाही. चुकांची ही नोंदवही सामान्यतः यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, त्यामुळे सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारी कुलपे गळून पडतात. हे नको असेल तर वहीची जागा बदलून द्यावी लागते.

आता या आकड्यांची किंमत किती ठेवावी? या बाबतीत जाणत्या संस्थांचे एकमत नाही, आणि त्यांचा मतभेदच बोधप्रद आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची नियमावली तीन चुकांवर खाते बंद करावयास सांगते, आणि व्यवस्थापकाने उघडल्याखेरीज ते उघडू देत नाही. बँक-कार्डांच्या व्यवहारासाठी असलेल्या 'पीसीआय' मानकात पूर्वी सहा चुकांची मर्यादा होती. २०२२ च्या आवृत्तीने ती दहापर्यंत सैल केली आणि किमान अर्ध्या तासाची बंदी कायम ठेवली. अमेरिकेच्याच राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत तर एका खात्यावर सलग शंभर चुका ही कमाल मर्यादा दिली. तीन कोठे आणि शंभर कोठे! परंतु यात विसंगती नाही. जेथे खाते उघडून देणारा मनुष्य चोवीस तास तैनात असतो आणि गुपित फुटल्यास हानी अपरिमित होते, तेथे तीन शोभतात. जेथे कोट्यवधी सामान्य लोक दूरवरून येतात आणि पासवर्ड पुरेसा लांब असावा अशी सक्ती अगोदरच केलेली असते, तेथे शंभर तर्कांनी चोराचे काही साधत नाही, पण तीनच चुकांच्या नियमाने मदतकक्षावर मात्र झुंबड उडते.

कठोरपणाचे मोल याहूनही जड पडते, कारण हे कुलूप चोराच्या हातातले शस्त्र होऊ शकते. ज्याला केवळ वापरकर्त्याचे नाव ठाऊक आहे असा कोणीही उपद्रवी इसम मुद्दाम चुकीचे पासवर्ड देऊन खऱ्या धन्याला बाहेर ठेवू शकतो, आणि आपल्याकडील संस्थांत वापरकर्त्याचे नाव बहुधा ईमेलच्या पत्त्यातच उघड असते. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील प्रत्येक प्राध्यापकाचे खाते अशा रीतीने बंद पाडणे ही अवघड गोष्ट नाही. आणि तेथे 'अनलॉक टाइम' शून्य ठेवला असेल, तर एकेक खाते हाताने उघडीत बसण्यात व्यवस्थापकाचा दिवस खर्ची पडेल. आपोआप उघडणारे कुलूप हा या संकटावरचा मुख्य उतारा होय. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याला फेललॉक मुळात कुलूप लावीत नाही, तेही याच कारणाने. ते लावण्याची मुभा 'इव्हन डिनाय रूट' या नियमाने मिळते, पण ती घेण्यापूर्वी सर्वाधिकारीच बाहेर राहिला तर आत कोण जाणार, याचे उत्तर तयार असावे. त्यापेक्षा दूरवरून रूटला पासवर्डाने प्रवेशच न देणे हा अधिक शहाणा मार्ग आहे, आणि दूरवरून प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामाने २०१५ पासून तोच आपला शिरस्ता केला आहे.

शत्रूवाचूनही कुलूप लागते. 'सुडो' ही आज्ञा पासवर्ड मुळात तीनदा विचारते, आणि डिनायचा मूळ आकडाही तीनच. तेव्हा मोठी अक्षरे चालू राहिल्याचे ध्यानात न आलेला कर्मचारी एकाच आज्ञेच्या पोटी स्वतःला बाहेर घालवू शकतो. पासवर्ड बदलल्यावर घरच्या जुन्या फोनमध्ये किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या कामात पूर्वीचाच पासवर्ड साठवलेला राहिला, तर ते उपकरण इमानाने दर काही मिनिटांनी चुकत राहते, आणि बिचारा धनी मात्र दर सकाळी आपल्यावर कोणी हल्ला करीत आहे अशा भयाने व्यवस्थापकाकडे धाव घेतो. तीनऐवजी पाचाचा आकडा अनेक जाणकार सुचवतात, तो अशाच अनुभवांमुळे.

उलट बाजूने, कुलूप अगदी काटेकोर लावूनही चुकवता येते. चोर एका खात्यावर हजार पासवर्ड अजमावण्याऐवजी हजार खात्यांवर एकच लोकप्रिय पासवर्ड अजमावतो. प्रत्येक खात्याच्या नावे एकच चूक पडते, कोणाचीही मर्यादा ओलांडली जात नाही, आणि खातेनिहाय मोजणाऱ्या फेललॉकला काही वावगे दिसतच नाही. या डावासाठी मोजणीचा आधार बदलून, मागणी ज्या पत्त्यावरून येते त्या पत्त्याच्या चुका मोजाव्या लागतात. २००४ पासून उपलब्ध असलेला 'फेल टू बॅन' हा प्रोग्राम नोंदी वाचून उपद्रवी पत्त्यांना काही काळ फायरवॉलबाहेर ठेवतो. आणि ओपनएसएसएचच्या जुलै २०२४ मधील आवृत्तीत अशी पत्तानिहाय शिक्षा अंगभूतच आली. यालाही मर्यादा आहे, कारण एका वसतिगृहातील शेकडो विद्यार्थी बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात. पासवर्डाऐवजी किल्ल्यांच्या जोडीने, म्हणजे एक गुप्त आणि एक प्रकट अशा दोन दीर्घ गणिती संख्यांनी, ओळख पटवण्याची पद्धत स्वीकारली तर तर्काचा प्रश्नच मावळतो. मात्र ध्यानात ठेवावे की असा प्रवेश पॅमच्या पासवर्ड तपासणाऱ्या साखळीतून जात नाही, आणि म्हणून नोकरी सोडून गेलेल्याचा केवळ पासवर्ड बंद केला तर त्याची किल्ली शाबूत राहते. त्यासाठी खात्याचीच मुदत संपवावी लागते.

धोरण ठरल्यावर ते अमलात आणताना एक विशिष्ट धोका संभवतो. रेड हॅटच्या घराण्यातील लिनक्स प्रणालींवर 'ऑथसिलेक्ट' ही आज्ञा फेललॉक योग्य जागी बसवून देते. परंतु डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर हे काम बहुधा हाताने करतात. तेथील मूळ साखळीत, पासवर्ड बरोबर निघाला तर पुढची एक ओळ ओलांडावी असे लिहिलेले असते, कारण ती पुढची ओळ सरसकट नकाराची असते. मध्ये फेललॉकची ओळ घातली आणि 'एक'चे 'दोन' करावयाचे राहिले, तर अचूक पासवर्ड देणारा मनुष्यही फेललॉक ओलांडून नेमका नकारावर येऊन पडतो, आणि सर्व्हर सर्वांनाच बंद होतो. म्हणून मूळ फायलीची प्रत काढून ठेवावी, सर्वाधिकाराने उघडलेले एक सत्र चालू ठेवूनच बदल करावा, आणि दुसऱ्या सत्रातून एका कसोटीच्या खात्यावर आधी अचूक, मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन दोन्ही बाजू पडताळाव्यात. 'फेललॉक' या आज्ञेस वापरकर्त्याचे नाव दिले म्हणजे त्याच्या चुका केव्हा आणि कोठून झाल्या ते दिसते, आणि 'रीसेट' सांगितले म्हणजे खाते कोरे होते.

हा रीसेट कोणाच्या सांगण्यावरून करावा, हे मात्र कोणत्याही फायलीत लिहिता येत नाही. फोनवर अधीर स्वरात 'मी अमुक बोलतो, खाते उघडा' असे सांगणारा मनुष्य खरोखर अमुकच आहे याची खात्री करण्याचा काही दंडक नसेल, तर यंत्राने अडवलेल्या चोरास मनुष्यच आदराने आत घेतो. तसेच नोंदींचे: इंडियन कॉम्प्युटर इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि शासकीय कार्यालयांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या असतात, पण जपलेल्या नोंदी कोणी वाचल्याच नाहीत, तर कुलपाने मिळवून दिलेली मुदत वाया जाते.

तेव्हा एखादी पतपेढी, ग्रंथालय किंवा महाविद्यालय स्वतःचा लिनक्स सर्व्हर चालवीत असेल, तर त्यांच्या व्यवस्थापकांस एवढेच सुचवावेसे वाटते: पाच चुका, पाव तासाची मोजणी आणि पाव तासाचे आपोआप निघणारे कुलूप येथून आरंभ करा, रूटचा दूरस्थ पासवर्ड-प्रवेश बंद ठेवा, पत्तानिहाय पहारा जोडीस द्या, बारा अक्षरांहून आखूड पासवर्ड स्वीकारू नका, आणि जेथे शक्य असेल तेथे किल्ल्यांचा अवलंब करा. मग महिनाभर नोंदी वाचा, आणि कुलूप चोरांना अधिक लागते की आपल्याच माणसांना, हे पाहून आकडे बदला. ज्या धोरणाचे आकडे ठरवल्यानंतर कोणी पुन्हा तपासलेलेच नाहीत, त्या धोरणावर विसंबू नये.